मदत हवी आहे: ईकोचा पुढचा क्रॉस मेंबर सेकंड हँड हवा आहे (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे 2014 ची मारुती ईको आहे, पेट्रोल, सात सीटर. बाबा धायरीहून शाळेची मुलं ने-आण करतात. मेच्या सुरुवातीला डावा पुढचा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालेला दिसला. अलाइनमेंट करून घेतली, पण चार दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. मग गॅरेजमध्ये वर उचलून पाहिली. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बोल्ट जिथे बसतो त्या जागेवर मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो दोन बोटं आत गेला. खाली गंजाचे पापुद्रे पडले, बोल्टचं भोक लांबट झालेलं. म्हणजे क्रॉस मेंबरच गेला आहे (पुढच्या बाजूला गाडीखाली असणारा आडवा सांगाडा, ज्याला लोअर आर्म बसतात; पार्ट्सवाले सस्पेन्शन फ्रेम म्हणतात, काही जण सबफ्रेम).

मिस्त्री म्हणतात पट्टी मारून वेल्डिंग करू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. बाबांनाही तेच पटतंय, कारण 15 जूनच्या सुमाराला शाळा उघडतील आणि त्याआधी पासिंगही आहे. मला मात्र हे अजिबात मान्य नाही. हा भाग दाबलेल्या पत्र्याच्या पेटीसारखा असतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून पट्टी मारली तरी ती ज्या पत्र्याला चिकटणार तोच कागदासारखा झालेला. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आर्मचं भोक जरा जरी सरकलं तर चाकाचा तिरकेपणा बदलतो, आणि या गाडीला अलाइनमेंटवाला टाय रॉडवरून (स्टेअरिंगचा दांडा) फक्त टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, जुळवू शकतो, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, नाही. ब्रेक मारल्यावर बराच जोर त्याच बोल्टवर येतो. मागे मुलं बसलेली असताना तो सुटला तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

नवा भाग सध्या शिल्लक नाही, मागवला तर तीन आठवडे, असं काउंटरवर सांगितलं. म्हणून जुना पण धड असलेला शोधतोय.

मुख्य अडचण जुळण्याची आहे. मंगळवार पेठेत जुन्या बाजारात एकाने व्हर्साचा (मारुतीचीच जुनी व्हॅन) दाखवला आणि म्हणाला, "बसतो साहेब, बॉडी एकच आहे." ईको 2010 साली आली ती व्हर्साच्याच बॉडीवर, हे खरं. पण व्हर्सा 2001 ची, इंजिन 1.3 लिटरचं आणि ईकोचं 1.2 चं. बॉडी एक म्हणून खालची भोकंही एकच असतील, असं मी गृहीत धरायला तयार नाही. कुणी स्वतः बसवला आहे का? लोअर आर्म आणि स्टेअरिंग ईकोचंच ठेवून बसला का, की काही घासावं-कापावं लागलं? तसंच पाच सीटर सीएनजी ईकोचा सात सीटर पेट्रोलला चालतो का? भंगारात सीएनजीवाल्याच जास्त दिसतात.

पार्ट नंबर जुळवायचा प्रयत्न केला. सुझुकीच्या नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, मॉडेल त्यापुढच्या गटावरून कळतं. त्यामुळे दुकानदाराने फक्त सुरुवातीचे आकडे दाखवून "सेम आहे" म्हटलं तर त्याला अर्थ नाही. आमच्या भागावरचं स्टिकर मात्र केव्हाच गेलंय.

घेताना मी हे बघणार आहे: हातोडीने ठोकून आवाज सगळीकडे सारखा येतो का, आतल्या नटांचे आटे शाबूत आहेत का, आणि टेपने दोन्ही कर्ण सारखे भरतात का. ताजा काळा रंग मारलेला असेल तर हातच लावणार नाही. गॅसने कापून काढलेलाही नको, बोल्ट खोलून काढलेला हवा. मागून ठोकर बसलेल्या गाडीचा मिळाला तर सगळ्यात उत्तम, कारण तिचा पुढचा भाग वाकलेला नसतो. अजून काय तपासावं? आणि बुश (सांध्यातले रबर), बोल्ट नवेच टाकायचे ना? मी तरी नवेच टाकणार.

पूर्वी कुदळवाडीत (चिखलीजवळचा भंगारवाल्यांचा भाग) चक्कर मारली की काहीतरी हाती लागायचं, पण फेब्रुवारी 2025 च्या कारवाईत तिथली गोदामं पाडली गेली. तिथले कुणी चाकण किंवा भोसरीकडे गेले असतील आणि गाड्या तोडत असतील तर नेमकं कुठे ते सांगा. नाना पेठेत विचारलं, तिथे नवेच पार्ट्स. मुंबईत कुर्ल्याला जायचीही तयारी आहे, पण ज्या गाडीचा भाग काढला तिचा चासी नंबर टाकून बिल देणारा हवा. चोरीच्या गाडीचा भाग आमच्या गाडीखाली नको.

बुधवारी सकाळी जुन्या बाजारात जातोय. तो व्हर्सावाला "ठेवतो तुमच्यासाठी" म्हणालाय, टेप आणि जुन्या भागाची मापं बरोबर नेणार आहे. त्याआधी व्हर्साबद्दल कुणी खात्रीने सांगितलं तर फार उपकार होतील.