हॉस्पिटलमधल्या मशीनमध्ये पैसे गेले, बिस्किटं अडकली. काय करायचं?

रात्रीची_सोबत
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सहा दिवस झाले, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात रात्री मीच तिच्यासोबत असते. कॅन्टीन दहाला बंद होतं. मग तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी काचेचं व्हेंडिंग मशीन आहे, त्याचाच आधार. परवा रात्री सव्वादोनला ३० रुपयांचा बिस्किटांचा पुडा घ्यायला गेले. क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, स्प्रिंग फिरली, पुडा पुढे आला आणि कडेवर लटकून राहिला. समोर दिसतोय, पण हातात येत नाही. काल तर स्प्रिंग हललीच नाही, खात्यातून ४० रुपये मात्र कापले गेले. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, सगळे हलवतात, तुम्हीपण हलवा." माझा धीर झाला नाही. रक्कम लहान आहे, पण दिवसभराच्या धावपळीनंतर अशा वेळी अगदी रडू येतं. तक्रार कुठे करायची? घेतानाच काही बघून घेता येतं का? शेजारी चहाचं मशीन आहे, तो चहा घ्यावा का?

स्प्रिंगवाला
ताई, हलवलं नाहीत ते फार बरं केलंत. असलं मशीन रिकामंसुद्धा अडीचशे-तीनशे किलोचं असतं. एकदा पुढे झुकलं की एकट्यादुकट्याला आवरत नाही. अमेरिकेत मशीन अंगावर पडून माणसं गेली आहेत. वॉचमनकाकांनाही सांगा.

मी सहा वर्षं हिंजवडी ते खराडी मशीन भरायचं काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या दोन रात्रींची दुखणी वेगवेगळी आहेत.

परवाचं दुखणं स्प्रिंगचं. मोटर स्प्रिंगला एक फेरा देते आणि दोन वेढ्यांमधला पहिला पुडा कडेवरून खाली पडतो. पण भरणाऱ्याने रुंद पुडा अरुंद वेढ्यात कोंबला किंवा तिरका बसवला, तर तो कडेला टांगून राहतो. एका दुपारी चार मशीन बाकी असताना मीही असंच कोंबलंय आणि दुसऱ्या दिवशी त्याच रांगेची तक्रार आली. चांगल्या मशीनला खालच्या खणापाशी इन्फ्रारेडचा सेन्सर असतो. काही पडलं नाही हे त्याला कळलं की स्प्रिंग पुन्हा फिरते, तरी नाही पडलं तर पैसे परत जातात. पण त्यावर धूळ बसली की माल पडूनही मशीन चूक दाखवतं, म्हणून काही ठिकाणी तो बंद करून ठेवलेला मी पाहिलाय. तुमच्याकडे एकच फेरा झाला, तेव्हा तसंच काहीसं असणार.

म्हणून पैसे देण्याआधी मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी चिकटवून लावा, म्हणजे चकाकी येत नाही. ज्या रांगेतला पहिला पुडा सरळ उभा आहे आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा आहे, ती रांग घ्या. वेफर्सची फुगलेली पाकिटं सर्वांत जास्त अडकतात. पुड्याचं तोंड शेजारच्या रांगेत शिरलं असेल तर तो नंबर सोडून द्या. बाटली शक्यतो खालच्या ट्रेमधली घ्या. वरून पडलेलं सोड्याचं पेय लगेच उघडू नका, पाच मिनिटं ठेवा.

लटकलेल्या पुड्यासाठी तोच नंबर पुन्हा घेतला तर बऱ्याचदा दोन्ही पडतात. पण तो काचेला टेकला असेल तर दुसराही त्यावर अडकेल, तेव्हा आधी नीट बघा.

कालचं दुखणं पेमेंटचं. मशीनमध्ये सिमकार्ड असतं. लिफ्टजवळ रेंज गेली की पैसे पोचल्याचा निरोप मशीनला मिळत नाही आणि स्प्रिंग फिरत नाही. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नका. स्क्रीनवर येणारा क्यूआरच वापरा, त्यात रक्कम आपोआप येते. कोणी बाहेरून चिकटवलेल्या क्यूआरवर पैसे पाठवू नका.

आता चहा. आत प्रीमिक्स असतं, म्हणजे दूध पावडर, साखर आणि चहा एकत्र. ती भुकटी एका लहान वाटीत पडते, गरम पाणी येतं, खालचा पंखा ते घुसळतो आणि नळीतून कपात सोडतो. वाटी आणि नळी रोज धुवावी लागतात. जिथे धूत नाहीत तिथे नळीच्या तोंडाशी पिवळट पापुद्रा धरतो आणि आंबूस वास येतो. वाकून बघा. पापुद्रा दिसला तर तो चहा घेऊ नका. स्वच्छ असेल तरी आधी नुसत्या गरम पाण्याचं बटण दाबून कप विसळून घ्या. आईंना मधुमेह असेल तर त्यांना तो चहा देऊ नका. साखर भुकटीतच असते, कमी करता येत नाही.

कोथरूड_ग्राहक
मी ग्राहक चळवळीत काम करते, म्हणून कागदाची बाजू सांगते. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमचे ४० रुपये यात बसू शकतात. ३० रुपयांचं तसं नाही. तो व्यवहार पूर्ण झालाय, माल मिळाला नाही. तिथे बँक काही करणार नाही, मशीनवाल्यालाच धरायचं. अडकलेल्या पुड्याचा फोटो, रांगेचा नंबर, मशीनवरचा आयडी आणि पेमेंटचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा. दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि पुड्यावरची छापील किंमत बघत जा. मशीन आहे म्हणून एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही.

रात्रीची_सोबत
दोघांचे मनापासून आभार. मशीनच्या डाव्या बाजूला, भिंतीकडे, लहान स्टिकर होतं. टॉर्चशिवाय दिसलंच नसतं. त्यावरच्या नंबरवर सगळं एकत्र पाठवलं. आज सकाळी पावणेआठला एक मुलगा आला. त्याने ट्रे बाहेर ओढला तेव्हा दिसलं, २६ नंबरच्या रांगेत पुढचे तीन पुडे आडवे दाबून बसवले होते. त्याने माझा पुडा दिला, बाकीचे काढून रुंद स्प्रिंगच्या रांगेत लावले. ४० रुपयांचा निरोप अजून आलेला नाही, पाच दिवस मोजतेय.

चहाच्या नळीला पापुद्रा होता. तो त्यालाच दाखवला. म्हणाला, हे मशीन दुसऱ्यांचं आहे. त्यावर स्टिकरच नाही. याची तक्रार कोणाकडे करू?

स्प्रिंगवाला
हॉस्पिटलच्या ॲडमिन ऑफिसात लेखी द्या, सोबत नळीचा फोटो. जागा त्यांनी दिलीय, कोणाला दिलीय हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतंच. त्या मशीनचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबरही मागा. तोवर घरून थर्मास आणा ताई, अजून किती रात्री आहेत?