‘प्रकाशोत्प्रेरक’ : एक शब्द, दोन अभिक्रिया

प्रश्न (जुळे सोलापूर) : दृश्य प्रकाशात हायड्रोजन तयार करणाऱ्या नॅनोरचित पदार्थांवर बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहीत आहे. अशा पदार्थास ‘प्रकाशोत्प्रेरक’ म्हणणे योग्य आहे का? चादरी-टॉवेलांच्या रंगाईतून निघणाऱ्या सांडपाण्यातील रंग प्रकाशाच्या साहाय्याने नष्ट करणाऱ्या पदार्थांनाही आपल्याकडे हाच शब्द लावतात. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच समजावा का?

उत्तर : शब्द योग्य आहे, मात्र ‘प्रकाशाचा उत्प्रेरक’ असा विग्रह करू नये. साखरभाताप्रमाणे हा मध्यमपदलोपी समास आहे : प्रकाश शोषून कार्यरत होणारा उत्प्रेरक.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण ऊर्जेच्या दृष्टीने आपोआप न घडणारी अभिक्रिया तो घडवू शकत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. रंगाच्या रेणूचे ऑक्सिजनच्या सान्निध्यात होणारे विघटन ही ऊर्जा बाहेर टाकणारी अभिक्रिया असल्यामुळे तेथे ही व्याख्या चपखल बसते. पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, तर प्रत्येक मोल पाण्यामागे सुमारे २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा पुरवावी लागते. ती प्रकाशातून येते आणि हायड्रोजनच्या रूपाने साठवली जाते. म्हणून शब्द तोच ठेवावा, परंतु हायड्रोजनच्या संदर्भात ‘वेग वाढवणारा पदार्थ’ एवढीच व्याख्या देऊ नये.

पुरवणी (होटगी रस्ता) : ‘दृश्य’ आणि ‘नॅनो’ ही विशेषणेही टिपणात उलगडून सांगावीत, अशी विनंती आहे. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर पाण्याचे विघटन दाखवले खरे, परंतु या पदार्थाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपातील ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन सुटा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो मुख्यतः अतिनील किरणेच शोषतो, आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. सोलापूरच्या कडक उन्हालाही हे प्रमाण लागू आहे. कॅडमियम सल्फाइडचे ऊर्जा-अंतर सुमारे २.४ असल्यामुळे तो दृश्य प्रकाश शोषतो. ‘नॅनो’चे कारण असे, की कण लहान असला म्हणजे प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला ‘होल’ (त्याची रिकामी जागा) पुन्हा एकत्र येण्यापूर्वी पृष्ठभागापर्यंत पोहोचू शकतात. मात्र कण फारच लहान केल्यास ऊर्जा-अंतर वाढते आणि दृश्य प्रकाशाचा काही भाग हातचा जातो.

आणखी एक शब्द जपून वापरावा. कॅडमियम सल्फाइड प्रकाशात स्वतःच झिजतो, म्हणून पाण्यात बहुधा सल्फाइड-सल्फाइटचे क्षार घालतात. त्यांचे ऑक्सिडीकरण होते, हायड्रोजन मिळतो, पण ऑक्सिजन निघत नाही. अशा प्रयोगास ‘हायड्रोजननिर्मिती’ म्हणावे. हायड्रोजन व ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात मिळत असतील, तरच ‘संपूर्ण जलविघटन’ लिहावे.