परदेशी दुकानाची ३०० जोडांची ऑर्डर : कारागिराच्या हातात जास्त पैसे कसे पडतील?

पायताण_गट :
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या सुभाषनगर भागातल्या कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या काही घरांचा गट आहे. युरोपातल्या एका दुकानदाराने ३०० जोडांची विचारणा केली आहे. भाव इथल्या दुकानापेक्षा बराच चढा आहे, पण मधला निर्यातदार कारागिराला नेहमीचीच जोडामागची मजुरी देणार म्हणतो. वर त्याचं म्हणणं, "जागतिक दारिद्र्यरेषेपेक्षा जास्तच पडते ना!" जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसल्यापासून जो तो जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) नाव घेतो. जीआयचा मजुरी वाढवायला काही उपयोग होतो का? आणि माल थेट पाठवायचा तर घोडं कुठं अडतं?

आरी_रापी :
जीआयकडून भलती अपेक्षा नको. जीआय नावाचं रक्षण करतो, घाटाचं (डिझाइनचं) नाही. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव लावून कोणी इथं रेक्झिनचा माल विकला तर कायदा कामाला येतो. प्राडाने शोत ते नाव वापरलंच नव्हतं. शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरती असते, युरोपात ती आपोआप लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका गेली होती, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. जीआयचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ, लिडकर. दाद मागायची तर त्यांनी मागावी, असा मुद्दा तिथे आला.

तरी प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावीच. अर्ज जीआय-३ए, फी किरकोळ, मुदत जास्तीत जास्त १० वर्षं, पुढे नूतनीकरण. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्या जिल्ह्यांतलेच कारागीर यात बसतात. अर्ज कारागिराच्या नावाने करा, व्यापाऱ्याच्या नको. जोड पतीपत्नी मिळून करत असतील तर दोघांचेही अर्ज द्या. उद्या दुकानदाराने 'अस्सल' असल्याचा पुरावा मागितला तर तो तुमच्या हातात असेल आणि निर्यातदाराला तुमच्यासारख्या नोंद असलेल्या कारागिराशिवाय असा माल देता येणार नाही. भावाच्या बोलणीत जीआयचा जोर इथंच.

हिशेबवही :
मजुरीचं खरं दुखणं जीआयच्या बाहेर आहे. जोडामागची मजुरी ठरवताना घरातल्या बाईचे तास कोणी धरतच नाही. समजण्यापुरते आकडे धरून बघा. जोडाला मजुरी ३०० रुपये. तळ कापणं, रापीने चामडं तासणं, थर जुळवणं यात पुरुषाचे ३ तास. वेणी विणणं, पट्ट्याला भोकं पाडणं, वादीने शिवणं यात बाईचे ४ तास. नुसते पुरुषाचे तास धरले तर तासाला १०० रुपये दिसतात आणि सगळे खूश. सातही धरले की तासाला ४३ रुपये हातात येतात. आधी पाचसहा जोडांवर घड्याळ लावून हे तास लिहून काढा, मग बोलणीला बसा.

दुसरी गळती चामड्यात. उधारीवर चामडं घेतलं आणि जोडामागे ४५ रुपये जास्त गेले, तर ३०० जोडांत १३,५०० रुपये गेले. वरच्या दराने हे ३०० तासांहून जास्त काम झालं! म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि चामडं रोखीने उचला. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार बसतात : ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. मात्र एका कुटुंबातून एकालाच मिळतं, हे नाव घालतानाच ठरवा.

आणि तो दारिद्र्यरेषेचा युक्तिवाद अजिबात मान्य करू नका. जागतिक बँकेची जून २०२५ पासूनची ३ डॉलरची रेषा माणशी रोजच्या खर्चाची आहे, मजुरीची नाही. एकाच्या कमाईवर चार तोंडं असतील तर ती चौघांत भागावी लागते. त्यातला डॉलरही क्रयशक्तीनुसार, म्हणजे इथली स्वस्ताई धरून, मोजलेला आहे. बँकेतल्या दराने गुणलं तर आकडा फुगतो, खरी रेषा रुपयांत त्याच्या साधारण चौथाईवर येते. इतक्या खालच्या रेषेच्या वर असणं म्हणजे योग्य मोबदला नव्हे. तुलना करायचीच तर राज्याच्या चालू किमान वेतनाशी करा, विशेष (महागाई) भत्ता धरून, आणि आठ तासांच्या दिवसाला.

बंदर_ते_बाजार :
थेट पाठवायला आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) काढा, ते ऑनलाइन निघतं. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते, नाहीतर ते बंद पडतं. आयजीएसटी (निर्यातीवरचा जीएसटी) न भरता माल पाठवायचा तर जीएसटीच्या संकेतस्थळावर एलयूटी (हमीपत्र) भरा, तेही दर आर्थिक वर्षाला नव्याने. कस्टमच्या वर्गवारीत कोल्हापुरीला स्वतंत्र आकडा आहे : ६४०३२०४०. बिलावर तोच घाला. नमुन्यांसारखी छोटी पार्सलं डाकघर निर्यात केंद्रातून जातात.

माल अडकतो तो बहुतेक तपासणीत. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ या क्रोमियमच्या घातक रूपाची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याला हा प्रश्न नसतो. गोची होते ती वरच्या पट्ट्यासाठी स्वस्तातलं रंगीत क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं वापरलं की. साध्या क्रोमचं ऊन आणि उष्णतेने क्रोमियम-६ होऊ शकतं, म्हणून असे पट्टे कडक उन्हात वाळवणं टाळा. रंगासाठीही नियम आहे : बंदी असलेले अमाइन (घातक रसायनं) सोडणारे अझो रंग चालत नाहीत, मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. चामडं चेन्नई किंवा कानपूरहून येत असेल तर बिलावर कमावणीचा प्रकार लिहून घ्या आणि माल करण्याआधी त्याच लॉटचा तुकडा तपासून घ्या. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत सोय आहे. तयार मालात दोष निघाला तर सगळा खर्च बुडतो.

पायताण_गट :
खूप उपयोगी. दुकानदार माल जुलैत पोचता करा म्हणतोय. बुरशीचं काय? आणि त्याने जोड नापास केले तर?

बंदर_ते_बाजार :
जुलै टाळा. कोल्हापूरच्या पावसात तळ आतून वाळत नाही, वरून कोरडा लागतो एवढंच. वनस्पतीने कमावलेलं चामडं ओल धरतं आणि बंद खोक्यात आठवड्यात पांढरी बुरशी येते. ऑक्टोबरनंतरची तारीख मागा. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदात गुंडाळा. तेल दिलेला जोड पूर्ण मुरल्याशिवाय बांधू नका, कागदावर डाग पडतो. बुरशीरोधक पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट नसल्याची लेखी खात्री घ्या, युरोपात त्यावर बंदी आहे. साधी सिलिका जेल चालते.

नापास मालासाठी मंजूर नमुन्याचे दोन जोड ठेवा, सहीची चिठ्ठी बांधून. एक दुकानदाराकडे, एक तुमच्याकडे. जनावराच्या कातडीवरचे नैसर्गिक वळ आणि रंगातला थोडा फरक हा दोष धरायचा नाही, हे करारात आधीच लिहा. डावा-उजवा लांबीत किती मिलिमीटर चालेल तेही लिहा. युरोपीय मापात एका नंबरचा फरक साधारण ६.७ मिलिमीटर असतो, तेव्हा इथल्या जुन्या फर्म्यावर (साच्यावर) अंदाजाने नंबर टाकू नका.

हिशेबवही :
एक भर. नापास जोडाची मजुरी कापायची नाही, हेही त्याच करारात घाला. चामडं निवडणारा आणि तपासणारा दुसरा असेल, तर तो तोटा शिवणाऱ्या बाईच्या माथी का?