प्रतिसाद: चिमणीच्या दरजा स्वतः भराव्या की गवंडी बोलवावा?

न्यू जर्सीतलं १९२०च्या सुमाराचं घर, चिमणीच्या दरजा (विटांमधले सांधे) भुसभुशीत आणि गवंड्याचा दर जास्त, असं लिहिलंय तुम्ही. मी आधी छताचा उतार बघेन, पैसे नंतर. उतार तीव्र असेल किंवा परांची बांधावी लागणार असेल, तर गवंडीच बोलवा. हाताने ढकलून वीट हलत असेल, चिमणी कललेली असेल किंवा आतलं भाजलेल्या मातीचं अस्तर तडकलं असेल, तरीही तेच. तडकलेल्या अस्तरातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो, तिथे प्रयोग नकोत.

फक्त दरजाच खराब असतील तर जमण्यासारखं आहे. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल, म्हणजे साधारण पाऊण ते एक इंच, जुना माल काढा. उभ्या दरजांत ग्राइंडर घालू नका, विटांच्या कडा कापल्या जातात, तिथे छिन्नीच. धूळ सिलिकाची असते, फुप्फुसांना घातक, साधा कापडी मास्क चालणार नाही.

खरी चूक मसाल्यात, म्हणजे दरजांत भरायच्या मालात, होते. जुनी वीट मऊ, वर कडक सिमेंट भरलं की ओल दरजेतून सुटत नाही, विटेतून सुटते, आणि थंडीत गोठून विटेचे पापुद्रे निघतात. म्हणून चुन्याचा किंवा 'टाइप ओ' हा मऊ प्रकारचा मसाला घ्या. 'टाइप एस' कडक असतो, तो अजिबात नको. आधी विटा ओलसर करा, थर पाव इंचाचेच द्या. रात्रीचं तापमान ४० फॅरनहाइटखाली (साधारण ४ सेल्सिअस) जात असेल तर काम वसंतावर ढकला.