मदत हवी आहे: मंजूर ऑर्डरचे मेल आपोआप जात नाहीत, गेले तर दोनदा जातात

टीम ४ वरून ११ जणांवर गेली आहे. ऑर्डर गूगल फॉर्मवरून शीटमध्ये येते, कोणीतरी तपासून 'स्थिती' रकान्यात 'मंजूर' लिहितं, मग ग्राहकाला एक आणि गोदामाला एक असे मेल. रोज साधारण ६० ऑर्डर. साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्या सेवा आपोआप चालवणारा कोड) लिहिली. ऑनएडिट (शीटमध्ये बदल झाला की आपोआप चालणाऱ्या) फंक्शनमधून मेल जात नाही. तेच मेलचं फंक्शन स्क्रिप्टच्या एडिटरमधून हाताने चालवलं की जातो. म्हणून दर १० मिनिटांचा टाइम ट्रिगर (ठरल्या वेळेला स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय) लावला, तर काही ग्राहकांना दोनदा मेल. 'पाठवला'ची खूण सगळे मेल गेल्यावर एकदम लिहितो. पगारी सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रतिसाद १
ऑनएडिट हा साधा ट्रिगर आहे. परवानगी लागणारी सेवा त्याला वापरता येत नाही आणि मेल पाठवणं त्यातच येतं. एडिटरच्या डावीकडे 'एक्झिक्युशन्स'मध्ये (स्क्रिप्ट कधी कधी चालली त्याची यादी) ते फसलेलं दिसेल. हवाच असेल तर घड्याळाच्या चिन्हावरून इन्स्टॉलेबल ट्रिगर (तुम्ही परवानगी देऊन स्वतः लावलेला) लावा, पण फंक्शनचं नाव बदला, नाहीतर एका बदलाला ते दोनदा चालतं. शिवाय १० ओळींत 'मंजूर' एकदम पेस्ट केलं तर फंक्शन दहांसाठी मिळून एकदाच चालतं. तुमच्या कामाला टाइम ट्रिगरच बरा.

प्रतिसाद २
दोनदा जाण्याचं मूळ तुमच्याच आकड्यांत आहे. साध्या खात्याला दिवसाला १०० प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे, तुम्हाला १२० लागतात. मर्यादा संपली की स्क्रिप्ट मध्येच तुटते, त्या फेरीत गेलेल्यांवर खूण पडत नाही, आणि ही मर्यादा पुन्हा मोकळी झाली की तेच मेल पुन्हा. चुकीच्या ईमेल पत्त्यानेही हेच होऊ शकतं.

गोदामाला दर ऑर्डरीचा मेल बंद करा, दिवसातून दोनदा यादी पाठवा: ६० अधिक २. (गोदामाचा पत्ता ग्राहकाच्या मेलच्या बीसीसीत, म्हणजे लपवलेल्या प्रतीत, टाकून सुटका नाही, तोही प्राप्तकर्ताच.) मग प्रत्येक ओळीसाठी हा क्रम: आधी 'पाठवतोय' लिहा, स्प्रेडशीटॲप.फ्लश (लिहिलेलं शीटमध्ये लगेच उतरवणारी आज्ञा), मग मेल, मग तारीख-वेळ. कोडमधली मेलची ओळ ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एक मेल फसला तरी स्क्रिप्ट तुटत नाही. 'पाठवतोय'वरच अडकलेली ओळ स्क्रिप्टने पुन्हा उचलायची नाही, माणसाने पाहायची. एखादा मेल अडकलेला परवडतो, दुसऱ्यांदा गेलेला परत घेता येत नाही.

धागाकर्ता
यादीची कल्पना पटली. पण कधी कधी ज्याला मेल गेला त्याच्या ओळीवर खूणच नसते, भलत्याच ओळीवर असते. हे कशाने?

प्रतिसाद २
स्क्रिप्ट चालू असताना कोणीतरी शीट सॉर्ट केली. तुम्ही ओळ क्रमांक धरून लिहिताय. सॉर्टने ४१वी ओळ १२वी झाली, खूण मात्र ४१व्या जागी पडली. यात एकाला दोनदा जातो आणि दुसऱ्याला जातच नाही, ते जास्त वाईट. प्रत्येक ऑर्डरला फॉर्म येतानाच न बदलणारा क्रमांक द्या, लिहिण्याआधी त्यावरून ओळ शोधा, आणि सगळ्यांना सॉर्टसाठी फिल्टर व्ह्यू (शीट वेगळ्या क्रमाने नुसती पाहण्याची सोय) वापरायला सांगा. त्यात मूळ ओळी हलत नाहीत. हाताने चालवायचं बटणही ठेवलं असेल तर लॉकसर्व्हिस (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप) लावा, नाहीतर दोन फेऱ्या एकमेकींवर येतील.

प्रतिसाद १
ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्यावर चालतो. तो माणूस गेला, खातं बंद झालं की मेलही बंद. कामासाठी वेगळं खातं करून त्यातून लावा. सॉफ्टवेअरचा खर्च आत्ता नको; ते घेतलं तरी क्रमांक आणि खुणेचा क्रम आधी ठरवावाच लागेल.