मदत हवी आहे: दुसऱ्याचं मन ओळखणं रक्तातूनच येतं का?

माझी जुळी मुलं 7 वर्षांची आहेत, मुलगा आणि मुलगी. मी नुसती गप्प बसले तरी मुलीला कळतं, येऊन गळ्यात पडते, पण मुलाला मित्र समोर रडत असला तरी याला काय झालंय ते उमगत नाही, मग भांडणं होतात आणि नंतर तो एकटाच बसून राहतो ते मला बघवत नाही. सासूबाई म्हणतात आजोबांवर गेलाय, रक्तातच आहे.

म्हणून वाचायला घेतलं. 2018 मध्ये वरुण वॉरियर, सायमन बॅरन-कोहेन वगैरे संशोधकांनी 46 हजारांवर लोकांचा डीएनए आणि सहानुभूतीच्या प्रश्नावलीतले मार्क तपासले, तर माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण दहावा हिस्साच जीन्समुळे होता. बायकांचे मार्क सरासरी जास्त आले पण त्यामागे जीन्समधला फरक दिसला नाही. अर्थात हा आकडा गटाचा, माझ्या एका लेकराचा नाही. मला मात्र यातून खूप धीर आला.

नवरा म्हणतो लाळेची डीएनए टेस्ट करू, पण एकेका जीनचा परिणाम इतका बारीक असताना मला ते पटत नाहीये.

तुमच्यापैकी कोणी असं मूल वाढवलंय का? रात्री गोष्ट वाचताना मी विचारते "याला आता काय वाटत असेल रे", तो म्हणतो "माहीत नाही". पुढे काय करू? आणि आधी बालमानसतज्ज्ञांकडे जायचं की मुलांच्या डॉक्टरांकडे? प्लीज अनुभव सांगा.