जिओटॅगिंगला मराठीत काय म्हणायचं? आणि ट्रॅक म्हणजे मार्ग का माग?

मंडळी, एक शब्द अडलाय. आमचा बोरिवलीचा ग्रुप नॅशनल पार्कात पक्षी बघायला जातो, त्यांच्यासाठी पानभर माहिती लिहितेय, कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर फोटोला ठिकाण कसं जोडायचं त्याची. म्हणजे मोबाईलवर ट्रॅक रेकॉर्ड करत फिरायचं, घरी येऊन त्या ट्रॅकची जीपीएक्स फाईल आणि फोटो एक्झिफटूल या प्रोग्रामला द्यायचे, तो दोन्हीकडच्या वेळा जुळवून प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश भरतो. याला कोणीतरी ‘भूअंकन’ सुचवलं, पण मला त्यात जमिनीची मोजणीच दिसते. आणि ट्रॅकला ‘मार्ग’ चालेल ना?

—

मार्ग नको हो ताई. मार्ग, वाट, रस्ता हे तुम्ही जायच्या आधीपासून असतात. ट्रॅक म्हणजे तुम्ही गेल्यावर मागे राहतं ते, आणि त्याला आपला शब्द आहे, माग. बिबट्याचा माग काढतात तोच. पार्कातली शिलोंड्याची वाट सगळ्यांना एकच, पण ओढ्यापाशी तुम्ही वीस मिनिटं थांबलात हे फक्त तुमच्या मागात दिसणार, कारण त्यात ठिकाणाबरोबर वेळ असते. जीपीएक्समध्येसुद्धा रूट आणि ट्रॅक वेगळेच ठेवलेत, तेव्हा रूट म्हणजे मार्ग, ट्रॅक म्हणजे माग.

—

पण ‘माग’ म्हटलं की कोणीतरी पाठलाग करतंय असं नाही वाटत? आणि आमच्या भिवंडीत माग म्हणजे यंत्रमाग. ‘फिरल्याचा माग’ असं लिहा, मग घोळ होणार नाही.

जिओटॅगिंगला मी ‘ठिकाण लावणे’ म्हणेन. ‘लोकेशन टाकणे’ नको, कारण ‘लोकेशन टाक’ म्हणजे आपण व्हॉट्सॅपवर पाठव असंच समजतो. लावणे यात डोकं चालवून जुळवणं आहे, अर्थ लावतो, हिशोब लावतो तसं. इथेही माग सलग नसतो, सुटे सुटे बिंदू असतात, फोटो दोन बिंदूंच्या मधे निघाला तर वेळेवरून मधली जागा काढावी लागते.

—

‘ठिकाण लावणे’ फारच आवडलं, घेतलं! आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आपण लावूनच घेतो ना, तेही यात बसतं, कारण सगळी गोम तिथेच आहे. घड्याळ एक मिनिट चुकलं तर चालत्या माणसाचा फोटो साठ-सत्तर मीटर सरकतो. शिवाय जीपीएक्समधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे, सकाळी 7 चा फोटो तिथे 1:30 ला शोधायचा, प्रोग्रामला भारतीय वेळ माहीत नसेल तर तो 7 लाच शोधत बसतो म्हणजे आपल्याकडचे दुपारचे 12:30, तोवर आपण पार्काबाहेर. म्हणून निघायच्या आधी कॅमेऱ्याने मोबाईलवरच्या सेकंदासकट घड्याळाचा एक फोटो काढून ठेवायचा, फरक नंतर तेवढाच वजा करता येतो.

एक राहिलं, घरट्याचे फोटो कोणाला पाठवायच्या आधी लावलेलं ठिकाण काढून टाकायलाच हवं, त्याला मी ‘ठिकाण पुसणे’ लिहितेय. ‘काढणे’ नको, फोटोपण काढतो आणि मागपण काढतो.